एनडीएचं इंग्रजी आणि आपली लेकरं

भाची सेलूला बारावीत आहे. एनडीएची, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी व्हायच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करतेय. २०२१ पासून मुलींनाही ही परीक्षा देता येते, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. परवा गेलो तर वही पुढं केली. रोज चाळीस इंग्रजी शब्द, समोर मराठी अर्थ, खाली लाल पेनानं रेघा. म्हणली, "मामा, पाठ करायले रोज, पण पेपर सोडवायला बसलं की काहीच सुचंना."

एवढी मेहनत आणि ती अशी वाया चाललेली बघून पोटात तुटलं.

या परीक्षेतला जीएटीचा, म्हणजे सामान्य क्षमता चाचणीचा, पेपर ६०० मार्कांचा, त्यातले २०० इंग्रजीचे. बाकी प्रश्न हिंदीतही छापलेले असतात, हा भाग मात्र निव्वळ इंग्रजीत. मराठी शाळेतली लेकरं इथंच धास्तावतात, मग त्यांच्या हातात शब्दांच्या याद्या पडतात. मी तेवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. याद्यांनी हे मार्क पडत नाहीत.

तिला एक वाक्य दिलं, चूक ओळख म्हणलं. "दे डिस्कस्ड अबाउट द प्लॅन." तिला बरोबर वाटलं. वाटणारच! आपण योजने'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'अबाउट' आपसूक येतं. इंग्रजीत डिस्कसपुढं ते लागत नाही. तसंच 'मॅरीड विथ'. आपलं लग्न कुणा'शी' होतं, इंग्रजीत तिथं 'टू' येतं. लेकरू ढ नाही हो, ते मराठीतून विचार करतंय. ही चूक मराठीतूनच समजावली तर सुटते. आणि तिच्या क्लासात मराठी बोललं की सर रागावतात म्हणे!

आम्ही दुसरी वही केली. चुकलेलं वाक्य, शेजारी ते मनात मराठीत कसं आलं होतं ते, खाली दुरुस्ती. रात्रीपर्यंत अकरा नोंदी झाल्या. 'ए', 'ॲन', 'द'लाच दोन पानं गेली, मराठीत तसलं काही नसतंच ना.

अंदाजाचंही सांगितलं. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं की १.३३ कापतात. चारातले दोन पर्याय नक्की खोडता आले तरच खूण करायची.

ही परीक्षा यूपीएससी घेते, त्यांच्या साइटवर जुने पेपर फुकट आहेत. सेलू, जिंतूर, मानवतकडचं कुणी तयारी करत असेल तर एक पेपर सोडवून, चुका तशाच ठेवून, रविवारी सकाळी परभणीला माझ्या घरी या. फी नाही. कोरी वही तेवढी आणा.