शेत आपले, तराजू कोणाचा?

माझे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आहे. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीचा अरुंद रूळ आमच्या शिवारापासून फार लांब नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरावर आणि तिथून पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना पोहोचवण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने तो टाकला. देश स्वतंत्र झाला, इतर रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि तो वापरण्याबद्दल आपली रेल्वे तिला पैसे मोजत राहिली. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाचा इतिहास वाचताना मला सारखा हा रूळ आठवत होता.

ग्वाटेमालात युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीच्या केळीच्या अफाट बागा होत्या, हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण तिची खरी ताकद बागांच्या बाहेर होती. देशातल्या मुख्य रेल्वेवर तिचे नियंत्रण होते, प्युर्टो बारियोस या बंदरावर तिचा ताबा होता आणि माल वाहणारी जहाजेही तिचीच होती. कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा या कंपनीच्या बागांशी काहीएक संबंध नसला, तरी माल समुद्रापर्यंत न्यायचा तर भाडे तिच्याच रेल्वेला द्यावे लागे. तिथले लोक तिला ‘एल पुल्पो’ म्हणजे ऑक्टोपस म्हणत.

1952 साली राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा केला. मोबदला किती द्यायचा, तर कर भरताना मालकाने स्वतःच जमिनीची जी किंमत लिहून दिली होती तेवढा. या हिशोबाने कंपनीला सहा लाख डॉलरच्या आसपास रक्कम देऊ केली गेली. मागणी झाली दीड कोटीहून अधिक डॉलरची, आणि ती कंपनीच्या वतीने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने केली. 1954 मध्ये सीआयए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या मदतीने आर्बेन्झ यांची सत्ता उलथवली गेली आणि वाटलेली जमीन परत घेण्यात आली. 1960 पासून 1996 पर्यंत त्या देशात यादवी युद्ध चालले, त्यात सुमारे दोन लाख माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. या सगळ्याचे खापर एकट्या कंपनीवर फोडणे बरोबर होणार नाही, कारण शीतयुद्धातली साम्यवादाची धास्तीही त्यामागे होती. पण ज्या देशाची रेल्वे आणि बंदर दुसऱ्याच्या हातात आहे, त्याच्याकडे त्या दिवसांत टिकून राहण्याची साधने तरी काय उरली होती?

शेत आपले असून बाकी सगळे दुसऱ्याच्या हातात असले की काय होते, हे मला पुस्तकातून समजण्याआधी घरात समजले होते. मी दहावीत असताना बाबांनी जूनमध्ये बियाणे आणि खत गावातल्याच एका व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलले होते. दिवाळीनंतर तोच व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला. काटाही त्याचाच होता. कापूस आमच्या पुढच्या खोलीत आढ्याला टेकला होता आणि आम्ही सगळे खाजेने हैराण होतो. त्याने गंजीत कोपरापर्यंत हात घातला, ओल आहे म्हणाला आणि क्विंटलमागे दोन किलो कडता, म्हणजे वजनात कपात, लावला. बाबा काही बोलले नाहीत. बोलून माल दुसऱ्याला द्यायचा, तर आधी त्याची उधारी चुकती करायला हवी होती. सातबारा आमचा होता, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, आमची होती, मजुरी आमच्या घराची होती. पण कर्ज, बियाणे, काटा आणि खरेदी ही चारही टोके एकाच माणसाच्या हातात होती. लहान देशाचेही असेच होते, आणि त्याला तर बाजूच्या गावचा दुसरा व्यापारीही सहज मिळत नाही.

पश्चिम आफ्रिकेतला बुर्किना फासो हा कापसाचा देश आहे, त्याला समुद्रकिनाराही नाही. 2008 पासून तिथे मोन्सँटो या अमेरिकन बियाणे कंपनीचे बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेले, वाण लावले जाऊ लागले. बोंडअळी आटोक्यात आली, उत्पन्नही वाढले, हे मान्य करायला हवे. पण धाग्याची लांबी कमी भरू लागली आणि जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करताना, रुईचा उतारा घटला. लांब धाग्यामुळेच त्यांच्या कापसाला जगात मान होता. शेवटी तिथल्या कापूस कंपन्यांनी नुकसानभरपाई मागितली आणि 2016 पासून हा देश पुन्हा आपल्या जुन्या वाणांकडे वळला. तो वळू शकला, कारण ती वाणे त्याने हातची घालवली नव्हती. आमच्या भागात कृषी केंद्रावर आज बीटी नसलेले सरकीचे पाकीट मागून पाहा.

मध्य अमेरिकेतल्याच एल साल्वादोर या देशाचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. लेम्पा नदीचे पाणी नासेल या भीतीने त्या सरकारने सोन्याच्या खाणीला परवाना दिला नाही, तेव्हा 2009 मध्ये पॅसिफिक रिम ही कॅनडाची कंपनी जागतिक बँकेच्या लवादाकडे गेली आणि पुढे तिचा दावा 25 कोटी डॉलरवर पोहोचला. 2016 मध्ये निकाल देशाच्या बाजूने लागला. पण आपल्याच नदीचे पाणी राखण्यासाठी सात वर्षे वॉशिंग्टनमध्ये वकील उभे करावे लागणे, ही त्या गरीब देशाला झालेली शिक्षाच होती. 2017 मध्ये तिथे धातूंच्या खाणींवर बंदी आली. 2024 च्या डिसेंबरमध्ये तिथल्याच सरकारने ती उठवली.

आपला देश एवढा दुबळा नाही, हे खरे आहे. तरी ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लादले आणि त्याच महिन्यात आपण परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढून टाकले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. कापड गिरण्यांना स्वस्त कच्चा माल हवा होता, त्यांची अडचण मला कळते. पण आमचा कापूस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतच घरात येतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर झालेला होता. शुल्क काढल्याची बातमी आली, तेव्हा शिवारात पऱ्हाटीला जेमतेम पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, धरल्या होत्या, आणि बाबांनी ती बातमी मला दोनदा वाचायला लावली.