बल्ब पोरांच्या हातात, एसीचा रिमोट आपल्या

दरवर्षी जून संपता संपता पालकांच्या ग्रुपवर मेसेज येतो : पर्यावरण दिनानिमित्त पाल्याने टाकाऊतून टिकाऊ वस्तू करून आणावी. पर्यावरण दिन असतो 5 जूनला, पण तेव्हा शाळांना सुट्टी, म्हणून आपल्याकडे तो सवडीने उगवतो. मग संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात ही गर्दी. घरात पुरेसं टाकाऊ सापडत नाही, तेव्हा ते विकत आणायचं. सनबोर्ड, ग्लू गन, चकचकीत कागद, आइस्क्रीमच्या काड्यांचं नवंकोरं पाकीट. (थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, म्हणून आता सनबोर्ड. प्रगती आहे!) रात्री अकरा वाजता आईबाबा पवनचक्की चिकटवत बसतात आणि ज्याचा प्रकल्प तो गाढ झोपलेला असतो.

यावर विनोद करून झालेत सगळ्यांचे. माझं दुखणं वेगळं आहे. आपण मुलांना पर्यावरणाबद्दल खूप काही सांगतो, फक्त कशाने किती फरक पडतो ते कधीच सांगत नाही.

दुसरी-तिसरीतलं कुठलंही पोर पकडा. खोलीतून निघताना दिवा बंद करावा, दात घासताना नळ बंद ठेवावा, प्लॅस्टिकची स्ट्रॉ नको, सगळं घडाघडा म्हणून दाखवेल. चूक काहीच नाही त्यात. आता जरा हिशेब करू. साधा एलईडी बल्ब 9 वॉटचा. दीड टनाचा एसी जोरात चालू असताना तासाला साधारण दीड युनिट खातो. म्हणजे एसीच्या एका तासाच्या विजेवर तो बल्ब जवळपास आठवडाभर, रात्रंदिवस चालेल. बल्बचं बटण पोराच्या ताब्यात आणि एसीचा रिमोट आपल्या. शिकवण कोणाला, तर पोराला!

चौथीच्या मुलाला गुणाकार-भागाकार येतो. तेवढं पुरतं. आमच्याकडे विजेच्या मीटरचा आकडा वहीत उतरवायचं काम लेकीकडे आहे. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, एवढं एकच सूत्र तिला दिलं. बाकीचं तिने स्वतः शोधलं. दोन हजार वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो. हॉलमधला जुना पंखा 75 वॉटचा आणि बेडरूममधला नवा तिसाच्या आसपास. दोघांचा वारा सारखाच लागतो, मग जुना अजून का ठेवलाय, हा तिचा पुढचा प्रश्न. याला म्हणतात प्रकल्प. सनबोर्ड लागला नाही.

माझं माहेर चंद्रपूरचं. तिथलं कोळशावर चालणारं महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॉट क्षमतेचं. धूर, राख, उन्हाळ्यातला तो भाजून काढणारा ऊन-वारा, हे आम्ही पुस्तकात वाचलं नाही. पुण्यात बटण दाबलं की नेमकी चंद्रपूरचीच वीज येते असं नाही, ग्रिडमध्ये सगळी एकत्र होते. पण आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावरच होते आणि देशाच्या सरासरीने एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आजोळी गेल्यावर लेकीने दुरून त्या केंद्राच्या धुराच्या चिमण्या पाहिल्या आहेत. 'पृथ्वी वाचवा' या पोस्टरवरच्या रडणाऱ्या गोलापेक्षा तिला त्या चिमण्या जास्त कळतात. (तो रडणारा गोल कोणी काढायला सुरुवात केली कोण जाणे. सात वर्षांच्या मुलाला पृथ्वी मरणार म्हणून घाबरवायचं आणि मग हातात स्केचपेन द्यायचं, हा प्रकार मला अघोरी वाटतो.)

मुलांना खरोखर चक्रावून टाकणारी एक गोष्ट सांगते. एक लिटर पेट्रोल भरतं साधारण पाऊण किलो. ते जळलं की कार्बन डायऑक्साइड होतो सुमारे 2.3 किलो. वरचं वजन आलं कुठून? हवेतल्या ऑक्सिजनचं. हे कळल्यावर पोरं गाडीच्या नळकांड्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. मग शाळेच्या फाटकाबाहेर त्यांना उभं करा, पर्यावरण दिनाच्याच दिवशी. एकेका पोरामागे एकेक गाडी, एसी चालू, इंजिन चालू, मागच्या सीटवर पवनचक्की.

कचऱ्याचं तर शिकवायलाही लागत नाही, करून घ्यावं लागतं. ओला, सुका आणि घातक वेगळा, हा नियम 2016 मध्येच आला. कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात रोज मुलानेच डबा द्यावा, एवढंच. न वेगळं केलेल्या घाणीत कोणाला तरी हात घालावा लागतो, हे त्याला तिथेच दिसतं. आणि शहराचा कचरा शेवटी कोणाच्या तरी गावात जातो. 2017 मध्ये उरुळी देवाचीच्या डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी पुण्याच्या गाड्या अडवल्या होत्या. आपल्या मुलांच्या परिसर अभ्यासात हा परिसर येतो का?

'आमच्या आजीच्या काळी सगळं पर्यावरणपूरकच होतं' हे मात्र नका सांगू. बोहारीण, गोधडी, रद्दी, सगळं खरं. पण ती काटकसर टंचाईतून आलेली होती, आणि चुलीचा धूर आजीच्याच छातीत गेला. आजही जिल्हा परिषदेच्या शाळेत चालत जाणाऱ्या, घरी एकच पंखा असलेल्या पोरीला 'साधं राहा' म्हणून सांगणारे आपण कोण? धडा ज्यांच्या घरी तीन एसी आहेत त्यांना हवा.

अडचण पुढेच आहे. हिशेब शिकलेलं मूल तो आपल्यालाच विचारतं. नागपूरपर्यंत विमान कशाला, रात्रीची रेल्वे आहे ना? सोसायटीतल्या सोसायटीत गाडी का काढली? इथे बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं, 'जास्त शहाणपणा करू नकोस.' बस, तिथे पर्यावरण शिक्षण संपलं. दरवेळी मुलाचं ऐकाच असं माझं म्हणणं नाही. आम्हीही घाई असली की विमानानेच जातो. पण तेव्हा 'रजा कमी आहे, म्हणून जातोय' असं खरं कारण द्यावं लागतं. त्यावर लेक वाद घालते. घालू दे.

शाळेला यंदा लेखी विनंती करणार आहे : टाकाऊ-टिकाऊऐवजी प्रत्येक मुलाने घरचं वीजबिल आणि मीटरची महिन्याभराची नोंद आणावी, आणि शाळेने स्वतःचं बिलही फळ्यावर लावावं. आकड्यांची स्पर्धा नको, नंबरही नकोत, कोणाच्या घरी किती एसी याची चर्चा तर नकोच. वहीत नोंद, वर्गात गणित. ज्या पालकांना पटतंय त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवा, सह्या सगळ्यांच्या जातील.