एवढं काय हसतेस?

विनोदी पुस्तक वाचणाऱ्याने घरात एकटं असावं. निदान पुण्याहून डब्लिनला आलेल्या सासूबाई समोर मटार सोलत बसलेल्या असताना तरी रॉस ओ'कॅरल-केली उघडू नये. मी उघडला, आणि फिस्सकन हसले.

"अगं, एवढं काय हसतेस? आम्हालाही सांग की."

झाली परीक्षा सुरू. रॉस म्हणजे दक्षिण डब्लिनमधला, बापाच्या पैशावर वाढलेला, डोक्याने बेताचा गडी. क्रीडापत्रकार पॉल हॉवर्डने 1998 मध्ये 'संडे ट्रिब्यून'च्या सदरात त्याला जन्माला घातला. पुढे सदर 'आयरिश टाइम्स'मध्ये गेलं आणि कादंबऱ्या 2024 पर्यंत येतच राहिल्या. सगळं रॉसच सांगतो, आणि वाचणाऱ्याला जे धडधडीत दिसतं ते त्याला एकट्यालाच दिसत नाही. गंमत तिथे आहे. पण हे असं सांगितल्यावर कोण हसणार?

"करतो काय हा?"

"तसं काही नाही. शाळेत असताना रग्बीचा कप जिंकला होता, 1999 साली."

"आणि नंतर?"

"नंतर तेच सांगत असतो."

"लग्न?"

"झालंय. मुलगी आहे, ऑनर. बापाचा उठताबसता उद्धार करते. शिवाय नदीच्या उत्तरेला एक मुलगा आहे, रोनन."

"शिवाय म्हणजे?"

मी घाईघाईने भूगोलात शिरले. लिफी नदी, दक्षिणेला पैसेवाले, उत्तरेला कामकरी वस्त्या, दोघांनी एकमेकांना नावं ठेवायची. आई पुण्याच्या, त्यामुळे नदीचं समजावून सांगावं लागलं नाही. पण 'शिवाय' त्या विसरल्या नव्हत्या.

मग मी हुकमी पान काढलं. दक्षिणेकडचे लोक 'डार्ट' लोकलला 'डॉर्ट' म्हणतात, पुस्तक सगळं त्याच उच्चारात लिहिलंय. तोंड वाकडं करून अर्धं पान वाचून दाखवलं. आतल्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, घसा धरलाय का?

"बाप काय करतो?" आईंनी मटार बाजूला ठेवले.

"तुरुंगात जाऊन आला. शेतजमिनीवर बांधकामाची परवानगी मिळवायला पाकिटं वाटायचा."

"म्हणजे एनए!"

जिल्हा परिषदेत नोकरी झाली आहे त्यांची. चेहराच बदलला. मी म्हटलं, हे नुसतं पुस्तकातलं नाही, इथे अशा पाकिटांवर खराच चौकशी आयोग बसला होता. 1997 ला नेमला, अंतिम अहवाल 2012 ला.

"पंधराच वर्षांत? कमाल आहे."

मला चेव आला. 2008 ला बँका कोसळल्या, 2010 मध्ये देशाला 85 अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली, भलेभले कंगाल झाले. आणि अशा मंदीत हे बापलेक कुठला धंदा काढतात? कागदपत्रं बारीक फाडून देण्याचा! गिऱ्हाईक आवरत नाही.

आई इतक्या हसल्या की शेंगा खाली सांडल्या. "आमच्याकडे मशीन कुठलं," डोळे पुसत म्हणाल्या, "चौकशी लागली की रेकॉर्ड रूमला आग लागायची. फार तर वाळवी."

मी रॉसच्या पानाकडे परत निघाले तर त्यांनी हात धरला.

"पोराचं राहू दे गं. त्या बापाचं कुठे कुठे आहे, तेवढं वाच."