लेस्टरचा राजा, दौलताबादचा सुलतान

आमच्या आजोळच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात महंमद तुघलक अवतरला. निमित्त एवढंच, की घराजवळचा रस्ता रातोरात एकतर्फी झाला आणि मामांना भाजी आणायला लांबचा वळसा पडला. ‘तुघलकी कारभार!’ मामांनी लिहिलं. त्यावर इंजिनिअर मामेभाऊ सरसावला : तो माणूस काळाच्या पुढे होता, तांब्याच्या नाण्याला चांदीच्या टंक्याचं मोल दिलं, आजची नोट म्हणजे दुसरं काय? तिसऱ्याने देवळांचा विषय काढला आणि ग्रुप पेटला.

मी मूळचा संभाजीनगरचा (तोंडात अजून औरंगाबादच येतं). शाळेची सहल ठरलेली, दौलताबाद. किल्ल्याच्या अंधारीत गाइडने पलिता विझवला की आम्ही पोरं किंचाळायचो. बाहेर आल्यावर तो सांगायचा, तुघलक येडा होता, दिल्ली उचलून इथं आणली. विषय संपला.

आता राहतो इंग्लंडात, लेस्टरला. इथे 2012 मध्ये महापालिकेच्या कारपार्कखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. 1485 मध्ये लढाईत पडलेला राजा, दोन कोवळ्या पुतण्यांना मारून गादी बळकावल्याचा ठपका असलेला. कबरीच्या जागेवर आता काचेची जमीन आहे. तिथे भेटलेल्या एका आजोबांनी मला अर्धा तास उभं करून पटवलं, की पुतण्यांचा खून त्याने केला याला पुरावाच नाही. या राजाची बाजू मांडणारी संस्था 1924 पासून चालू आहे. पुन्हा पुरायचं कुठे, लेस्टरला की यॉर्कला, यावर लोक कोर्टात गेले. 2015 मध्ये लेस्टरच्याच कॅथेड्रलमध्ये दफन झालं, लोकांनी पांढरे गुलाब वाहिले.

तुघलकावरही असाच ठपका आहे. 1325 मध्ये अफगाणपूरला लाकडी मंडप कोसळून त्याचा बाप गियासुद्दीन मेला. त्याच्याच दरबारातला इतिहासकार बरनी म्हणतो वीज पडली, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता म्हणतो मंडप मुद्दाम तसा बांधला होता. पण तुघलकासाठी गुलाब घेऊन उभं राहायची कुणाची टाप आहे?

सुरुवातीला मला इंग्रजांचा हेवा वाटायचा. किती गमतीत घेतात! मग 2020 मध्ये ब्रिस्टलला गुलामांच्या व्यापारातल्या कोल्स्टनचा पुतळा जमावाने ओढून पाण्यात टाकला आणि तीच शांत माणसं टीव्हीवर आमच्या मामांसारखी तावातावाने भांडताना पाहिली. रिचर्डमुळे आज कुणाचंच काही दुखत नाही, म्हणून त्याचं कौतुक परवडतं. आणि 2022 च्या सप्टेंबरात याच लेस्टरमध्ये हिंदू-मुसलमान पोरं रस्त्यावर समोरासमोर आली, तेव्हा कळलं की आपलं भांडणही बॅगेतून आलंय.

खटकतं ते वेगळंच. वेडा की द्रष्टा, यात तुघलकाने केलेलं कुणी बघतच नाही. तांब्याची नाणी बुडाली, कारण टांकसाळीबाहेर कुणीही तशीच पाडू शकत होतं. शेवटी खऱ्याखोट्या सगळ्या नाण्यांच्या बदल्यात खजिन्यातून चांदी द्यावी लागली. कल्पना हुशार, बंदोबस्त शून्य. मामेभावाला हा भाग सोयीस्करपणे आठवत नाही. गंगा-यमुनेच्या दुआबात कर वाढवला, त्यात दुष्काळ पडला, मग शेतकऱ्यांना कर्जं वाटली. जैन आचार्य जिनप्रभसूरींचा मान राखणाराही तोच, आणि माणसांना भयानक शिक्षा देणाराही तोच.

सांगणाऱ्यांचंही तसंच. आंधळ्याला दिल्लीहून फरफटत आणलं, पोचला तो नुसता पाय, ही गोष्ट सांगणारा बतूता दिल्लीत पोचला तोच राजधानी हलल्यावर सहासात वर्षांनी. त्या काळचा इतिहास काव्यात लिहिणाऱ्या इसामीने 1350 मध्ये लिहिलं ते दौलताबादेत, तुघलकाविरुद्ध बंड करून गादीवर बसलेल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने. तो चांगलं कशाला लिहील? तरी त्याची एक गोष्ट मला खोटी वाटत नाही. त्याच्या नव्वदीच्या आजोबांना अंथरुणातून उठवून वाटेला लावलं, आणि दिल्ली सोडल्यावर पहिल्याच मुक्कामी, तिलपतला, ते गेले. इसामी तेव्हा सोळाएक वर्षांचा.

ही गोष्ट मी ग्रुपवर टाकली. जरा वेळाने मामांनी विचारलं, ‘ते आजोबा मुसलमानच ना?’

‘हो मामा.’

निळ्या टिका आल्या. दोन तास कुणी काही लिहिलं नाही. मग मावशीने कैरीच्या लोणच्याचा फोटो टाकला.