गोल पानाची ती ब्राह्मी नव्हे

'ब्राह्मी ओळखावी ती गोल, कातरलेल्या कडांच्या पानावरून' हे तुमच्या ब्राह्मीवरच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. ते पान मंडूकपर्णीचं. चरकाच्या चार मेध्य (बुद्धी वाढवणाऱ्या) रसायनांत तिचं नाव आहे, तेव्हा ती काही कमी औषधी नाही, पण झाड वेगळं. खरी ब्राह्मी म्हणजे नीरब्राह्मी; तिचं पान नखाएवढं, जाडसर, बिनदेठाचं, समोरासमोर जोडीनं येणारं. फूल पांढरं, कधी किंचित जांभळट, पाच पाकळ्यांचं. चव मात्र कडूजहर.

हा घोळ मीही घातलाय. सांगलीत एका नर्सरीतून 'ब्राह्मी' म्हणून आणलेली कुंडी दोन वर्षं सांभाळली, आईनं तिची पानं माक्याबरोबर तेलात उकळलीसुद्धा! खरी ब्राह्मी भेटली भिलवडीला मामांच्या मळ्यात, पाटाच्या पाझराशी. इतकी वर्षं गवत समजून तिच्यावरूनच चालत होतो. पेरापेराला मुळं फुटतात, त्यामुळे बोटभर काडी चिखलात खोचली की झालं. मी ती बिनभोकाच्या घमेल्यात लावलीय. लेखातला 'पाणी साचू देऊ नका' हा सल्ला तुळशीला ठीक, हिला नाही. एप्रिलमध्ये दोन दिवस गावाला गेलो तर अर्धं घमेलं वाळून गेलं होतं.