नाव कसं ठेवावं आणि नावं कशी ठेवावीत

समजा, पक्षी बघणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटाचे तुम्ही ॲडमिन आहात. सातेक वर्षांपूर्वी भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघून परतताना, टपरीवर चहाच्या दुसऱ्या फेरीला कुणीतरी नाव सुचवलं : 'वेडे राघू'. सगळे हसले. एकाने विजेच्या तारेवर बसलेल्या वेड्या राघू पक्ष्याचा फोटो डीपीला डकवला आणि बारसं उरकलं. घुगऱ्यांऐवजी कांदाभजी होती, एवढाच फरक.

आता सदस्य झालेत २४०. आणि परवा रात्री साडेअकराला, नव्यानेच आलेल्या एका ताईंचा मेसेज पडतो : "माझ्या भावाला मानसिक आजार आहे. गल्लीत त्याला लहानपणापासून 'वेडा' म्हणूनच हाक मारतात. गटाचं नाव वाचताना दर वेळी जरा टोचतं. बदलता येईल का? नाही जमलं तरी हरकत नाही."

तुम्ही अजिबात उत्तर देऊ नका. "हो ताई, बघू या" एवढं जरी लिहिलंत तरी प्रकरण सकाळच्या चहाआधी मिटेल, आणि मग तुम्ही ॲडमिन होतात हे कुणाच्या लक्षात राहणार? निळ्या खुणा उमटू द्या आणि खुशाल झोपा.

सकाळपर्यंत माणसं आपापल्या कामाला लागलेली असतील. पहिला मेसेज ठरलेला : "नावात काय आहे?" हे लिहिणाऱ्या गृहस्थांवर लक्ष ठेवा. ज्या नावात काही नाही, त्या नावासाठी पुढच्या तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त मेसेज तेच टाकणार आहेत. (मराठी माणसाने हे वाक्य इतक्या सहज म्हणावं, याचं मला कायम आश्चर्य वाटतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला १९७८ साली आणि नाव लागलं १९९४ साली. मधल्या १६ वर्षांत वस्त्या जळल्या, माणसं मेली. शेवटी तडजोड म्हणून 'नामांतर' हा शब्दच बदलून 'नामविस्तार' केला. म्हणजे नाव बदलण्याच्या क्रियेचंसुद्धा नाव बदलावं लागलं. पण नावात काय आहे!)

दुसरा मेसेज परंपरेचा असेल. सात वर्षांची परंपरा. टपरीवर कोण कोण होतं याची यादी निघेल, प्रत्यक्ष नऊ जण होते, यादी एकवीसची होईल. त्यांना 'संस्थापक सदस्य' म्हणा. ज्या गोष्टीला संस्थापक असतात ती मोडायला माणूस कचरतो.

आता तुम्ही अभ्यासाचा मुद्दा काढा. राघूला वेडा का म्हणतात? हा पक्षी तारेवरून झेप घेतो, हवेत गिरकी मारून माशी धरतो आणि परत त्याच तारेवर, पुष्कळदा त्याच जागेवर येऊन बसतो. मग पुन्हा तेच. बघणाऱ्याला वाटलं असेल, हे काय वेड्यासारखं चाललंय. मुळात तो राघू नाहीच, पोपटाच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. आणि वेडा तर मुळीच नाही. मधमाशी धरली की ती फांदीवर आपटून, घासून तिची नांगी निकामी करतो आणि मगच गिळतो. आपल्या गटाला एका शब्दाची नांगी दोन महिन्यांत काढता येणार नाहीये, हे लक्षात घेता वेडा कोण, हा प्रश्न मी तूर्त सोडून देतो.

लगेच कुणी तरी सुचवेल, याच पक्ष्याचं दुसरं नाव घेऊ या. जरूर घ्या. दुसरं नाव 'बहिरा पोपट' असं आहे.

इथून पुढे पक्ष्यांच्या नावांची यादी उघडा आणि मागे सरकून बसा. 'शिंपी' चांगलं नाव आहे, पानं शिवून घरटं करतो म्हणून शिंपी. पाणवठ्यावर शेपूट आपटत फिरतो तो धोबी. तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा टुक-टुक करतो तो तांबट. किडे, सरडे काट्याला टोचून टांगतो तो खाटीक. लाकूड कोरतो तो सुतार. ज्या माणसांनी ही नावं ठेवली ती रानात, शेतात वावरणारी होती, त्यांच्या नजरेला मी तरी हात जोडतो. पण गटात यातलं एकही नाव टाकलंत की निम्मा गावगाडा फांद्यांवरून खाली उतरेल. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, समतानगर, क्रांतीनगर असे पर्याय दिले. झाडांपर्यंत तो शासन निर्णय अजून पोचलेला नाही. 'ब्राह्मणी घार' तर तुम्ही सुचवूही नका. सुचवलीत तर मी तुम्हाला ओळखत नाही.

'सातभाई' म्हणावं, तर बहिणी कुठे गेल्या असं महिला सदस्य विचारतील, आणि बरोबर विचारतील. 'सुगरण' म्हणावं, तर घरटं विणतो नर आणि कौतुकाचं नाव मात्र बाईचं, असा उलटा अन्याय निघेल. 'लालबुड्या बुलबुल' शाळेतल्या मुलांसमोर उच्चारता येत नाही. 'टकाचोर' हे नाव आलं की खजिनदार गट सोडतील, कारण गेल्या सहलीच्या बसचा हिशेब अजून लागलेला नाही.

यादी संपली की परदेशी दाखले काढा. आपल्याकडे कुठलाही वाद अमेरिकेला वळसा घालून आल्याशिवाय प्रतिष्ठित होत नाही, आणि या बाबतीत तिकडचे पक्षीवाले आपल्या फार पुढे आहेत. जॉन जेम्स ऑड्युबन हे तिकडचं मोठं प्रस्थ. अमेरिकेतल्या पक्ष्यांची ४३५ भव्य चित्रं त्यांनी छापवली. त्याच ऑड्युबन यांनी माणसं गुलाम म्हणून विकत घेतली, विकली, गुलामगिरी संपवू पाहणाऱ्यांना विरोध केला, आणि कवट्या मोजून वंशांची उतरंड लावणाऱ्या एका विद्वानाला माणसांच्या कवट्याही पाठवल्या. ते वारले १८५१ साली. त्यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली १९०५ साली. म्हणजे गृहस्थांनी संस्था काढली नाही, चालवली नाही, वर्गणीही भरली नाही. नुसतं नाव.

या संस्थेकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. नाव ठेवायचं की टाकायचं यावर तिने वर्षभर विचारविनिमय केला आणि मार्च २०२३ मध्ये संचालक मंडळाने ठरवलं, नाव राहील. तीन संचालकांनी राजीनामे दिले. कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मात्र आपल्या नावातून ऑड्युबन काढून टाकले होते. मालकाचं नाव तेच आणि कामगारांचं वेगळं. सिॲटलच्या शाखेने त्याहून बहार केली. २०२२ च्या जुलैत जुनं नाव टाकायचं ठरवलं आणि नवं सापडलं पुढच्या मार्चमध्ये. मधले आठ महिने संस्था जणू सुतकात. शिकागो, न्यूयॉर्क यांनीही मग ते नाव सोडलं. पक्ष्यांना या काळात काय वाटलं, याची नोंद नाही.

तुम्हाला चाणाक्षपणा शिकायचा असेल तर २००० सालचा दाखला घ्या. तिकडे एका समुद्री बदकाच्या नावात मूळनिवासी बायकांना हिणवणारा शब्द होता. नाव बदला अशी मागणी झाली. नावं ठरवणाऱ्या समितीने सांगितलं, कुणाच्या भावना दुखावतात एवढ्याच कारणाने आम्ही काही बदलणार नाही. पण इंग्लंडात याला 'लांब शेपटीचं बदक' म्हणतात, तर सगळीकडे एकच नाव असावं, म्हणून बदलतो! याला म्हणतात मुत्सद्देगिरी. मागणी मान्य करायची, पण मागणाऱ्याला जिंकल्याचं समाधान मिळू द्यायचं नाही. तुम्हीही 'वेडे' हा शब्द काढाच, फक्त कारण 'नाव मोबाइलच्या एका ओळीत मावत नाही' असं द्या.

विरोधकांना वाटत असेल की आपण ठाम राहिलो तर वारं फिरेल, तर त्यांना मॅककाऊन सांगा. हा गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनानी. त्याच्या नावाचा एक माळरानी पक्षी होता. २०१८ मध्ये नाव बदलायचा प्रस्ताव आला, समितीने फेटाळला. मग २०२० चा मे महिना उजाडला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या एका कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकाने एका बाईंना कुत्र्याला पट्टा बांधा म्हटलं, तर बाईंनी पोलिसांना फोन लावला, की एक काळा माणूस मला धमकावतोय. त्याच दिवशी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड हा दुसरा कृष्णवर्णीय माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला. ऑगस्टपर्यंत तो पक्षी 'जाड चोचीचा' झाला. दोन वर्षांत त्याची चोच वाढली नव्हती. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या पक्षीशास्त्र संस्थेने जाहीर केलं, माणसांवरून ठेवलेली सगळीच इंग्रजी नावं बदलू. कोण चांगला, कोण वाईट हे भांडत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच निवृत्त करा. मला हा उपाय आवडतो. भावकीच्या भांडणात शेवटी वाडाच विकतात, तसा.

गटातला एखादा शास्त्रनिष्ठ सदस्य म्हणेल, हे लोकभाषेतलं सोडा, शास्त्रीय नावं घ्या, ती निर्मळ असतात. त्याला स्लोव्हेनियाच्या गुहांमधला एक आंधळा भुंगेरा दाखवा. १९३७ साली त्याचं नाव ठेवलं गेलं 'अनोफ्थाल्मस हिटलरी'. ते आजही तेच आहे, कारण प्राण्यांच्या नावांचे नियम आधी ठेवलेल्या नावाला मान देतात, नावाच्या मालकाला कितीही जोडे पडले तरी. हिटलरचे भक्त तो संग्रहात ठेवायला गोळा करतात म्हणून बिचारा संकटात आहे. आंधळा असल्याने त्याला स्वतःची पाटी वाचता येत नाही, हेच काय ते सुख.

एवढं होईपर्यंत महिना गेला असेल. आता सगळ्यात जालीम युक्तिवाद बाहेर काढा : "नवा शब्दही उद्या शिवी होणारच." यात तथ्य आहे, म्हणूनच तो जालीम. १९१२ चा कायदा 'लुनसी'चा, म्हणजे वेडेपणाचा होता, १९८७ चा 'मेंटल हेल्थ'चा, २०१७ चा 'मेंटल हेल्थकेअर'चा. येरवड्याच्या पाटीवर कधीचं 'प्रादेशिक मनोरुग्णालय' आलं, पण पुण्यात कुणाला वेड्यात काढायचं तर 'वेडा' म्हणायचीही गरज उरली नाही, "याला येरवड्याला पाठवा" म्हटलं की पुरतं. अपंगांचे विकलांग झाले, विकलांगांचे दिव्यांग. भिगवणच्या नावेत चढायची फळी मात्र तीच, एक फुटाची, डुगडुगणारी. तेव्हा नाव बदलून उपयोग नाही, असं ठणकावून सांगा. उद्या घाम येणारच आहे म्हणून आज आंघोळ न करणाऱ्याइतकेच ठणकावून.

फळी रुंद करून घेऊ या, असं मात्र चुकूनही कुणाला सुचू देऊ नका. त्याला पैसे लागतात.

तरीही एकमत होत नसेल तर गट फोडा. याचाही दाखला आहे. चित्रं सुधारायचं 'गिंप' नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्या शब्दाने इंग्रजीत लंगडणाऱ्या माणसाला हिणवतात. नाव बदला म्हणून पुष्कळदा सांगून झालं, चालवणारे बधले नाहीत. म्हणून २०१९ मध्ये काही मंडळींनी तेच सॉफ्टवेअर 'ग्लिम्प्स' या सभ्य नावाने वेगळं काढलं. २०२१ मध्ये ते थांबलं. नाव उत्तम होतं, राबणारे हात कमी पडले. तुमच्या फुटीर गटाचं असं होणार नाही. त्यात राबायचं काही नसतंच, सकाळचे फुलांचे फोटो आपोआप येतात.

शेवटी मतदान घ्या. १४ पर्याय ठेवा. २४० पैकी ३१ जण मत देतील, त्यातले चौघे चुकून. कुणी तरी 'नामविस्तार' सुचवेल : 'वेडे राघू (प्रेमाने)'. त्यावर तीन दिवस गंभीर चर्चा होऊ द्या. मग नव्या पर्यायांत जे सगळ्यात बेचव असेल, ज्यावर कुणी भांडूच शकणार नाही, ते निवडा. 'निसर्गप्रेमी पक्षीमित्र परिवार'. हे नाव आधीच दोन गटांनी घेतलेलं असेल, तर पुढे ३ लावा.

अभिनंदनाचे अंगठे, फुलं, हात जोडलेल्या खुणा येतील. तुम्ही मोठ्या मनाने त्या ताईंचे आभार मानायला त्यांचं नाव शोधाल. वर सरकत जाल, बराच वेळ. चौथ्या दिवशी, परंपरेच्या मुद्द्यावरच्या दोन लांबलचक मेसेजांच्या मधोमध, त्या गट सोडून गेल्याची बारीक करडी ओळ असेल. कुणाच्या लक्षात आली नव्हती.

असो. डीपी बदलायचा राहून गेलाय, तारेवरचा तो हिरवा पक्षी अजून तिथेच आहे. आणि आज सकाळी गटात नव्याने आलेल्या एका शाळकरी मुलाने विचारलंय, "काका, हा कुठला पक्षी?"

सतरा जणांच्या नावाखाली 'टायपिंग' दिसतं. थांबतं. पुन्हा दिसतं, पुन्हा थांबतं. दहा मिनिटांनी शास्त्रनिष्ठ सदस्य धीर करून लिहितात : "मेरॉप्स ओरिएंटॅलिस."

खाली लगेच मेसेज येतो : "सर, 'ओरिएंटॅलिस' म्हणजे पौर्वात्य ना? म्हणजे साहेबाच्या खुर्चीवरून बघितलं तर पौर्वात्य. नाही, मला आपलं सहज वाटलं..."