उगम १९८५ चा नव्हे, १९८० चा

हाँगकाँगच्या भुताटकीच्या विनोदी कुंग फू चित्रपटांची सुरुवात १९८५ च्या 'मिस्टर व्हॅम्पायर'पासून झाली, असे या चित्रपटांवरील तुमच्या लेखात म्हटले आहे. त्या चित्रपटाने लाट आणली हे खरेच. परंतु सामो हंग यांनी १९८० मध्ये दिग्दर्शित केलेल्या आणि स्वतः नायक म्हणून गाजवलेल्या 'एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड'चा साधा उल्लेखही नसावा, याचे मनापासून वाईट वाटले.

उड्या मारत चालणारे प्रेत आणि उंच वेदीवर चढून झुंजणारे ताओपंथी (ताओ या चिनी धर्मपंथाचे) मांत्रिक हे सारे तिथे आधीच आहे. त्यातला खाणावळीचा प्रसंग मी कितीदा तरी पाहिला आहे: मांत्रिकाच्या ताब्यात गेलेला नायकाचा एक हात त्याचे न ऐकता आजूबाजूच्यांना मारत सुटतो आणि उरलेले शरीर त्या हाताला आवरण्यासाठी धडपडते. लहानपणापासून चिनी ऑपेराच्या, म्हणजे गाणे, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या पारंपरिक नाट्याच्या, कडक तालमीत घडलेल्या नटालाच हे साधते. पुढे 'मिस्टर व्हॅम्पायर'मध्ये मांत्रिक गुरू म्हणून अजरामर झालेले लाम चिंग-यिंग इथे अधिकाऱ्याच्या भूमिकेत आहेत, आणि 'मिस्टर व्हॅम्पायर'चे निर्मातेही सामो हंगच आहेत.

दोन्ही चित्रपटांतले नाते एका बारीक तपशिलातही दिसते. १९८० च्या चित्रपटात प्रेताला शवपेटीत रोखण्यासाठी कोंबडीची अंडी हवी असतात आणि विक्रेता त्यांत बदकाची अंडी मिसळतो. 'मिस्टर व्हॅम्पायर'मध्ये प्रेताच्या विषावर उतारा म्हणून चिकट तांदूळ हवा असतो आणि दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळतो.